खासगी व सुरक्षित ईमेल आणि संदेशसेवा

दोन माणसांमधला मजकूर त्या दोघांखेरीज कोणालाही, अगदी सेवा पुरवणाऱ्या कंपनीलाही, वाचता येऊ नये अशा रीतीने तो पाठवण्याची आणि साठवण्याची व्यवस्था. रोजच्या वापरात यात दोन प्रश्न मिसळलेले असतात. मजकूर गुप्त राहतो का, हा पहिला. खाते आपल्याच ताब्यात राहते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात मजकूर बदलणे, देते. दुसऱ्याचे उत्तर पासवर्ड, सिमकार्ड आणि आपल्या सवयी देतात. ॲप निवडताना चर्चा पहिल्याचीच होते, पण सर्वसामान्य माणसाने दुसऱ्याकडे आधी पाहावे.

ईमेल

ईमेलची घडण झाली तेव्हा जाळ्यावर मोजकी विद्यापीठे आणि प्रयोगशाळा होत्या. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वरूपावर एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर संदेश पाठवला. आजच्या टपालाचा पाया असलेली एसएमटीपी ही नियमावली जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये मांडली. तिच्यात गुप्ततेची सोयच नव्हती. पुढे टीएलएस या एन्क्रिप्शन-पद्धतीची जोड मिळाली आणि एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताना मजकूर झाकला जाऊ लागला. मात्र एसटीच्या पार्सलची थैली वाटेत शिवलेली असावी आणि प्रत्येक आगारात उघडून पुन्हा शिवली जावी, तसे हे आहे. पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या, अशा दोन्ही कंपन्यांच्या सर्व्हरवर मजकूर वाचता येण्याजोगाच असतो. जीमेल २००४ मध्ये १ जीबी जागा घेऊन आले, तेव्हापासून जाहिराती ठरवण्यासाठी पत्रांतला मजकूर यंत्राने वाचला जात असे. हे थांबवत असल्याचे गूगलने २०१७ मध्ये जाहीर केले, पण वाचता येण्याची क्षमता गेलेली नाही. जीमेलमधला ‘कॉन्फिडेन्शियल मोड’ पत्र पुढे पाठवणे आणि छापणे अडवतो. गूगलपासून ते लपवत नाही.

यावरचा उपाय फार जुना आहे. व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये जोडकिल्ल्यांची कल्पना मांडली: एक किल्ली जगाला वाटायची, दुसरी स्वतःपाशी ठेवायची. पहिलीने बंद केलेले फक्त दुसरीनेच उघडते. या पायावर फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी हे सॉफ्टवेअर खुले केले. असले एन्क्रिप्शन तेव्हा अमेरिकी कायद्यात युद्धसामग्रीत मोडत असल्याने, विनापरवाना निर्यातीच्या संशयावरून त्यांची जवळपास ३ वर्षे चौकशी चालली आणि १९९६ मध्ये ती सोडून देण्यात आली. पीजीपी भक्कम आहे, पण घराघरांत ते कधीच पोचले नाही. किल्ल्यांची देवाणघेवाण करायची, त्या जपायच्या, आणि हरवली तर जुनी पत्रे कायमची गेली, हे ओझे आठवड्यातून चार पत्रे लिहिणाऱ्याने का उचलावे?

सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेत भेटलेल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये सुरू केलेली स्वित्झर्लंडची प्रोटॉन मेल आणि जर्मनीतल्या हॅनोव्हरची टुटा (२०२३ पर्यंत टुटानोटा) या सेवांनी तेच ओझे पडद्यामागे नेले. किल्ल्या आपोआप तयार होतात, वापरणाऱ्याला दिसतही नाहीत. मर्यादा मात्र समजून घ्याव्यात. प्रोटॉनवरून प्रोटॉनवर गेलेले पत्र पूर्ण झाकलेले असते. जीमेलवरून प्रोटॉनवर आलेले पत्र तिथे पोचल्यावर कुलपात जाते, पण त्याची एक उघडी प्रत गूगलकडे असतेच. पत्राचा विषय प्रोटॉन या पद्धतीने झाकत नाही, टुटा झाकते. म्हणून ज्यांच्याशी पत्रव्यवहार आहे ते सगळे जीमेलवर असतील, तर एकट्याने सेवा बदलून पदरात पडते ते थोडे: जाहिरातदारापासून सुटका आणि साठवलेल्या पेटीला कुलूप. तेही कमी नाही, पण तेवढेच आहे.

‘स्विस गोपनीयता’ या शब्दांनीही भुलू नये. २०२१ मध्ये एका फ्रेंच पर्यावरण कार्यकर्त्याच्या प्रकरणात स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून प्रोटॉनला त्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, नोंदवून द्यावा लागला. पत्रांचा मजकूर कंपनीला वाचताच येत नसल्याने तो देता आला नाही. अमेरिकेतल्या लावाबिट या ईमेल सेवेची गोष्ट याहून कडवी आहे. अमेरिकी सरकारची पाळत उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेन यांचे खाते तिथे होते. सरकारने सगळ्याच ग्राहकांची रहदारी उघडी करू शकेल अशी किल्ली मागितली, तेव्हा चालक लाडार लेविसन यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये सेवाच बंद केली. भारतात कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये प्रोटॉन मेल रोखण्याची पावले उचलण्यास केंद्र सरकारला सांगितले. ज्या पत्त्यावर बँक, आयकर आणि विमा अवलंबून आहे तो पत्ता निवडताना हा धोकाही हिशेबात घ्यावा लागतो.

बहुतेकांसाठी ईमेल हे गुपिते लिहिण्याचे ठिकाण नाहीच. ते बाकी सगळ्या खात्यांचे मूळ आहे. ‘पासवर्ड विसरलात?’ वर टिचकी मारली की दुवा तिथेच येतो. त्यामुळे जीमेल ठेवायचे असेल तर जरूर ठेवावे, पण इतरत्र कुठेही न वापरलेला पासवर्ड आणि एसएमएसच्या ओटीपीऐवजी पासकी (फोनच्या कुलपाने, पासवर्डविना होणारे लॉगिन) किंवा ऑथेंटिकेटर ॲप (फोनवरच कोड तयार करणारे) हवे. एसएमएस दूरसंचार कंपनीला वाचता येतो, आणि दुसऱ्याने आपल्या नावावर डुप्लिकेट सिम मिळवले की ओटीपीही त्याच्याकडे जातात.

संदेशसेवा

इथे चित्र बरेच चांगले आहे. मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि ट्रेव्हर पेरिन यांनी २०१३ च्या सुमारास बांधलेल्या पद्धतीत, जिला आता सिग्नल या संदेश ॲपच्या नावावरून सिग्नल प्रोटोकॉल म्हणतात, किल्ली संदेशागणिक बदलते. आज एखादी किल्ली चोरली गेली तरी कालचे संदेश उघडत नाहीत, आणि संभाषण पुढे सरकले की चोराची किल्ली निरुपयोगी होते. व्हॉट्सॲपने हीच पद्धत घेतली आणि एप्रिल २०१६ मध्ये सर्व वापरकर्त्यांना लागू केली. गुप्ततेचा शब्दही न ऐकलेल्या कोट्यवधी लोकांना एका अपडेटमध्ये ती मिळाली, ही या क्षेत्रातली सर्वांत मोठी घटना मानायला हवी.

टेलिग्रामबद्दल मोठा गैरसमज आहे. तिथल्या साध्या गप्पा कंपनीच्या सर्व्हरवर राहतात आणि एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे फक्त दोन टोकांच्या फोनवरच उघडतील अशा, नसतात. ‘सीक्रेट चॅट’ मुद्दाम सुरू करावी लागते, तीही दोघांतच चालते. ग्रुपला ती सोय नाही. झोहो या भारतीय कंपनीचे अरट्टाई हे ॲप २०२५ च्या सप्टेंबरात एकाएकी गाजले, तेव्हा त्यातले कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड होते, मजकूर नव्हता. देशी की परदेशी हा वेगळा प्रश्न आहे. किल्ली कोणाकडे, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

मजकूर झाकला तरी त्याभोवतीची माहिती उरते: कोण कोणाशी, कधी, कुठल्या जाळ्यावरून बोलला. व्हॉट्सॲप आणि सिग्नल यांच्यातला खरा फरक इथे आहे. २०१६ मध्ये अमेरिकी ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) सिग्नलकडे माहिती मागितली, तेव्हा देण्याजोग्या दोनच गोष्टी निघाल्या: खाते कधी उघडले आणि शेवटचे कधी जोडले गेले. व्हॉट्सॲपकडे संपर्कयादी, ग्रुपची नावे आणि वापराच्या वेळा जातात, आणि मालक मेटा (फेसबुकची कंपनी) असल्याने त्या माहितीला बाजारात मोल आहे. व्हॉट्सॲपवर मेटा एआयला विचारलेले प्रश्न तर एंड-टू-एंड संरक्षणात येतच नाहीत. सिग्नल २०१८ पासून ना-नफा प्रतिष्ठानाकडे आहे. नोंदणीला फोन नंबर तिथेही लागतो, मात्र २०२४ पासून समोरच्याला नंबर न देता युजरनेमवरून बोलता येते.

प्रती कुठे उरतात

एन्क्रिप्शन वाटेचे असते. दोन्ही टोकांना मजकूर उघडाच असतो. २०२० मध्ये मुंबईतल्या अमली पदार्थांच्या तपासादरम्यान चित्रपटसृष्टीतल्या लोकांच्या व्हॉट्सॲप गप्पा वाहिन्यांवर झळकल्या, तेव्हा ‘मग एन्क्रिप्शन कुठे गेले?’ असे अनेकांनी विचारले. फोन तपासयंत्रणेच्या हाती गेला किंवा त्याची नक्कल घेतली गेली, की एन्क्रिप्शन फोडावेच लागत नाही. त्याआधी २०१९ मध्ये पेगॅसस हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर नुसत्या व्हॉट्सॲप कॉलमधून, तो उचलला नाही तरी, फोनमध्ये शिरत असल्याचे उघड झाले. जगभरातल्या सुमारे १४०० जणांना त्याने गाठले. त्यांत भारतातले वकील, पत्रकार आणि कार्यकर्ते होते. आणि मार्च २०२५ मध्ये येमेनवरील हल्ल्याची चर्चा करणाऱ्या अमेरिकी मंत्र्यांच्या सिग्नल ग्रुपमध्ये एक संपादक चुकून सामील केला गेला. असला सदस्य कुठलेही एन्क्रिप्शन अडवू शकत नाही.

सामान्य घरात सर्वांत मोठी प्रत बॅकअपची. व्हॉट्सॲपचा गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवरचा बॅकअप आपण सांगेपर्यंत एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतो. ही सोय ऑक्टोबर २०२१ मध्ये आली आणि सेटिंग्जमधल्या ‘चॅट बॅकअप’खाली ती सुरू करावी लागते. त्यासाठीचा पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली हरवली तर कंपनीही बॅकअप उघडून देऊ शकत नाही, म्हणून ती कागदावर लिहून घरात ठेवावी. समोरच्याने हे केले नसेल तर आपले संदेश त्याच्या बॅकअपमधून उघडे राहतात.

दुसरी प्रत झेरॉक्सच्या दुकानात राहते. प्रवेशाच्या किंवा दाखल्यांच्या दिवसांत दुकानदार काचेवर नंबर चिकटवतो आणि लोक त्यावर आधार, पॅन, सातबारा, गुणपत्रिका धडाधड पाठवतात. दुकानाच्या संगणकावर व्हॉट्सॲप वेब दिवसभर उघडे असते आणि डाउनलोडच्या फोल्डरमध्ये शेकडो अनोळखी लोकांची कागदपत्रे पडलेली असतात. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून निश्चिंत राहण्यातही अर्थ नाही: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मसाल, हा तो पासवर्ड, आणि गुणपत्रिका किंवा पॅन शेजारीच पडलेले असते. चालत असेल तिथे फक्त शेवटचे चार अंक दाखवणारे मास्क्ड आधार द्यावे, पेनड्राइव्ह न्यावा, आणि छपाई झाल्यावर फाइल समोर काढून टाकायला सांगावे. असे सांगण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

कायदा

सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. दुसऱ्या बाजूला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६९ सरकारला संदेश तपासण्याचे आणि उलगडून मागण्याचे अधिकार देते. २०२१ च्या नियमांनी मोठ्या संदेशसेवांवर, विशिष्ट गुन्ह्यांसाठी, संदेश मुळात कोणी पाठवला हे शोधून देण्याचे बंधन घातले. व्हॉट्सॲपने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि एन्क्रिप्शन मोडायला लावल्यास भारत सोडावा लागेल, असे एप्रिल २०२४ मध्ये तिथे सांगितले. मे २०२३ मध्ये केंद्राने जम्मू-काश्मीरमधील सुरक्षेच्या कारणावरून १४ संदेश ॲपवर बंदी घातली. त्यांत ब्रायर, एलिमेंट आणि थ्रीमा ही गुप्ततेसाठी नावाजलेली ॲपही होती.

निवड

सोसायटी, शाळा आणि नातेवाइकांचे ग्रुप व्हॉट्सॲपवरून हलणार नाहीत. तो हट्ट धरू नये. पण नवराबायको, भावंडे किंवा आजारपण, पैसा, वाटणी अशा विषयांवर बोलणारी तीन-चार माणसे सिग्नलवर आणणे सहज शक्य आहे. तिथे संदेश ठरावीक मुदतीने आपोआप मिटतील असेही ठेवता येते. व्हॉट्सॲपवर टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन लावावा आणि ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ची यादी अधूनमधून पाहावी. कुरियरवाला किंवा बँकवाला म्हणून कोणी ४०१ ने सुरू होणारा कोड डायल करायला सांगितला तर फोन ठेवून द्यावा. अशा कोडने आपले कॉल दुसरीकडे वळू शकतात आणि व्हॉट्सॲपचा पडताळणी कॉल चोराला जाऊ शकतो.

व्हॉट्सॲप आणि सिग्नल या दोन्ही ॲपमध्ये प्रत्येक संपर्कापुढे ६० अंकी सुरक्षा क्रमांक असतो, आणि दोन्ही फोनवर तो सारखाच दिसायला हवा. ‘सिक्युरिटी कोड बदलला’ अशी ओळ आली की बहुधा समोरच्याने फोन बदललेला असतो. पण परदेशातल्या मुलाच्या किंवा गावच्या काकांच्या नावापुढे ती ओळ दिसली आणि पाठोपाठ पैशांची मागणी आली, तर आधी त्यांना साधा फोन लावून आवाज ऐकावा.