डाग, शपथ आणि पुरावा: स्कॉट्स भाषेतले न्यायालयीन शब्द

१५९१ साली एडिंबरामध्ये ॲग्नेस सॅम्पसन या स्त्रीवर चेटुकाचा खटला चालला. त्याच्या नोंदीत ज्युरीचा निर्णय एकेका आरोपापुढे एकाच शब्दात येतो: ‘फायलिट’. स्कॉट्स या स्कॉटलंडमधल्या, इंग्रजीच्या सख्ख्या बहिणीसारख्या भाषेत ‘फाइल’ म्हणजे मळवणं, विटाळणं. दोषी ठरला तो मळला. सुटला त्याला ‘क्लेंज’ केलं, धुऊन काढलं. छळ करून मिळवलेल्या कबुलीवरही हाच शिक्का बसे. निकाल पुराव्याबद्दल काही सांगत नसे, सांगे ते माणसाबद्दल.

शपथेचंही तसंच. तिचा भार बोलणाऱ्याच्या इभ्रतीवर. स्कॉट्समध्ये शपथ म्हणजे ‘एथ’, दक्षिणेच्या, म्हणजे इंग्लंडच्या, इंग्रजीत ‘ओथ’. मूळ शब्द एकच. जुन्या इंग्रजीतला दीर्घ ‘आ’ दक्षिणेत ‘ओ’कडे सरकला, उत्तरेत ‘ए’कडे. म्हणून तिकडे ‘स्टोन’ आणि ‘होम’, इकडे ‘स्टेन’ आणि ‘हेम’. असे ध्वनिबदल शब्द निवडून होत नाहीत. विशिष्ट परिस्थितीतला स्वर भाषेत सगळीकडे एकाच नियमानं बदलतो. म्हणून तर एखादा शब्द कुठून कुठे गेला, हे भाषाशास्त्रज्ञ इतक्या खात्रीनं सांगू शकतात.

मला सगळ्यात जास्त ओढ आहे ती ‘प्रोवन’, म्हणजे ‘शाबीत झालेलं’, या शब्दाची. लॅटिन ‘प्रोबारे’ म्हणजे पारखून पाहणं. जुन्या फ्रेंचमध्ये आघात कुठे पडतो त्यानुसार या क्रियापदाचा स्वर बदलायचा, त्यामुळे ब्रिटनमध्ये त्याची दोन रूपं पोचली. दक्षिणेत ‘प्रूव्ह’ टिकलं, स्कॉट्समध्ये ‘प्रीव्ह’ रुळलं. आता ‘वीव्ह’चं (विणणं) ‘वोव्हन’ आणि ‘क्लीव्ह’चं (चिरणं) ‘क्लोव्हन’ होतं, मग ‘प्रीव्ह’चंही ‘प्रोवन’ झालं! परका शब्द देशी साच्यात बसला. याला सादृश्य म्हणतात. मराठी मूल ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणतं, तेव्हा हीच प्रक्रिया उलट दिशेनं चालते.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटिश ज्युरीचं काम आकसलं. आरोपपत्रातल्या वस्तुस्थिती शाबीत झाल्या की नाहीत, ‘प्रोवन’ की ‘नॉट प्रोवन’, एवढंच तिनं सांगायचं. गुन्हा ठरवायचा न्यायाधीशांनी. १७२८ साली फिनहेवनच्या जेम्स कार्नेगीचा खटला उभा राहिला. दारूच्या नशेतल्या भांडणात त्याची तलवार भलत्याच माणसाच्या, स्ट्रॅथमोरच्या अर्लच्या, पोटात घुसली होती. घटना शाबीत होती, म्हणजे फाशी अटळ. वकील रॉबर्ट डंडास यांनी ज्युरीला दोषी की निर्दोष हे स्वतः ठरवण्याचा तिचा जुना हक्क आठवून दिला आणि तिनं ‘निर्दोष’ म्हटलं. तो निकाल मला न्याय्य वाटतो, कारण हात कुणाचा होता एवढ्यानं हेतू ठरत नाही.

‘निर्दोष’ परतला, पण ‘नॉट प्रोवन’ गेला नाही. आरोपी दोन्हींत सुटायचाच. तरी एकाच सुटकेला दोन नावं राहिली आणि दुसऱ्या नावाखाली सुटलेल्यावर संशयाची सावली पडू लागली. पीडितांच्या घरच्यांनाही त्यातून उत्तर मिळेना. अखेर स्कॉटिश संसदेनं २०२५ साली कायदा करून हा तिसरा निकाल रद्द केला. दिवाणी न्यायालयात मात्र साक्षीपुराव्याच्या सुनावणीला आजही नुसतं ‘प्रूफ’ म्हणतात.