बाळाच्या रडण्यावरचे उपाय : बाळागोळीपासून गृहभेटीपर्यंत

नवजात बाळाचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढतं, सहाव्याच्या आसपास टोक गाठतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप उतरतं. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये आयांच्या रोजच्या नोंदींवरून हा चढउतार मांडला. सहाव्या आठवड्यात दिवसाला साधारण पावणेतीन तास रडणं, तेही जास्त करून संध्याकाळी. रडण्यावरच्या औषधांची कीर्ती यावरच पोसली गेली. सहाव्या आठवड्यात काहीही सुरू करा, बाराव्यापर्यंत गुण आलेला दिसतोच.

मुंबई इलाख्यात बाळागोळी चालायची. तिच्यात अफू असे. कामावर जाणाऱ्या बाया ती चाटवून बाळ निजवत; अफूनं श्वास मंदावतो, दूध ओढायची ताकद जाते, हे मात्र दिसत नसे. १८५१ मध्ये इंग्लंडात विल्यम वुडवर्ड यांनी ग्राइप वॉटर काढलं. त्यात शेपूचं तेल, सोडा, साखर आणि अल्कोहोल होतं. अल्कोहोल पुढे काढून टाकलं, पण पोटदुखीवरचा हुकमी उपाय ही ख्याती राहिली, तिला भक्कम पुरावा नसतानाही. पोटातली कळ थांबवणाऱ्या डायसायक्लोमिन या औषधाचे थेंबही असेच सर्रास दिले जात. त्यानं तान्ह्यांचा श्वास अडखळल्याच्या नोंदी आल्यावर सहा महिन्यांखाली ते वर्ज्य ठरलं.

नाशकात आजही जुन्या भागातल्या काष्ठौषधींच्या दुकानात बाळगुटीचा संच मिळतो. वेखंड, जायफळ, हळकुंड, मुरुडशेंग, हिरडा सहाणेवर आईच्या दुधात उगाळायचे, प्रत्येकाचे ठरावीक वेढे. अडचण अशी की एका वेढ्यात किती औषध उतरलं हे हाताच्या जोरावर ठरतं. जायफळ जास्त झालं तर बाळ गुंगतं आणि घरच्यांना वाटतं, शांत झोपलं. सहाण नीट धुतलेली नसली तर जुलाब लागतात. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको, गुटीही नको. मधाचं बोट तर वर्षभर नको. मधातल्या जंतूंमुळे तान्ह्यांना होणारी विषबाधा १९७६ पासून माहीत आहे.

झोळीत बाळ पटकन निजतं, हे खरंच. पण लुगड्याच्या खोलगट झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दबते. निजलेलं बाळ सपाट, कडक गादीवर उताणं ठेवावं. उशी, लोड, सैल पांघरूण नको. दुपट्यात गुंडाळताना छातीवर दोन बोटं शिरतील एवढी सैल जागा हवी, कमरेखाली पाय दुमडून फाकता यायला हवेत. पाय सरळ ताणून बांधले तर खुबा निसटू शकतो. कुशीवर वळायचा प्रयत्न दिसला की गुंडाळणं बंद. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत दार लावून शेगडी पेटवतात, धुरी देतात. बंद खोलीत कोळशाचा वायू जीव घेऊ शकतो. त्यापेक्षा बाळ छातीशी, उघड्या अंगाला अंग लावून धरावं आणि वरून शाल घ्यावी.

बाळ रडू लागलं की आधी भूक आणि ओलं दुपटं बघावं. बोटाला केस किंवा दोरा आवळलाय का, तेही. मग छातीशी धरून न थांबता पाच मिनिटं चालावं. झोप लागल्यावर लगेच खाली ठेवलं की बाळ जागं होतं. म्हणून मांडीवर घेऊन आणखी पाच ते आठ मिनिटं बसावं. ही वेळ जपानी संशोधकांनी २०२२ मध्ये मोजली आहे.

गदागदा हलवणं मात्र कधीच नाही. त्यानं मेंदूभोवती रक्तस्राव होतो, हे ब्रिटिश शल्यविशारद गुथकेल्च यांनी १९७१ मध्येच दाखवलं. राग अनावर झाला तर बाळ उताणं ठेवून दहा मिनिटं खोलीबाहेर जावं.

गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी उभ्या केलेल्या घरगुती नवजात सेवेच्या अनुभवातून २०११ मध्ये आशाताईंच्या गृहभेटींची राष्ट्रीय योजना आली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, अशा सहा भेटी. म्हणजे शेवटची भेट नेमकी रडणं टोकाला असताना. पुढची, दुसऱ्या योजनेतली, थेट तिसऱ्या महिन्यात. सव्वा महिनाही तेव्हाच सरलेला, माहेरची मदत ओसरलेली. गुटी आणि ग्राइप वॉटर घरात येतात ते याच फटीतून. म्हणून ४२ व्या दिवसाच्या भेटीतच रडण्याचा चढउतार आणि धोक्याच्या खुणा घरच्यांना सांगून ठेवाव्यात : अंगाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, दूध न ओढणं, हिरवी उलटी, शौचात रक्त, झटके, किंवा एकाएकी क्षीण वा किंचाळल्यासारखं रडणं. यातलं एकही दिसलं तर घरी उपाय नको, १०८ ला फोन करून थेट रुग्णालय.