खऱ्या अभ्यासाआधीचे दहा हजार अभ्यास

शाळेच्या पोषण आहारात केलेल्या बदलाने मुलींचे हिमोग्लोबिन वाढते का, हे तपासायचे आहे असे समजा. बदललेला आहार मिळणारा आणि न मिळणारा अशा दोन गटांत डेसिलिटरमागे 0.6 ग्रॅमचा फरक पडेल आणि प्रमाण विचलन, म्हणजे मुलींचे आकडे सरासरीभोवती किती पसरतात याचे माप, 1.2 ग्रॅम असेल, असे गृहीत धरू. किती मुली घ्याव्यात?

एकाही मुलीच्या बोटाला सुई न टोचता हे संगणकावर लुटुपुटीचे अभ्यास करून, म्हणजेच सिम्युलेशनने, पाहता येते. या गृहीतकांनुसार प्रत्येक गटासाठी 20 मुलींचे आकडे यादृच्छिक पद्धतीने काढायचे, खऱ्या अभ्यासात लावणार तीच चाचणी त्यांना लावायची, 5 टक्के पातळीवर (म्हणजे फरक नसतानाही तो आहे असे ठरण्याची शक्यता 5 टक्के ठेवून) फरक सिद्ध झाला की नाही हे नोंदवायचे आणि हे सारे 10,000 वेळा करायचे. ज्या प्रमाणात फरक सापडतो, ते त्या अभ्यासाचे सांख्यिकीय सामर्थ्य, म्हणजेच पॉवर. इथे ती जेमतेम 34 टक्के भरते. फरक खरोखर असूनही तीनांपैकी दोन अभ्यास रिकाम्या हाताने परततात. गटात 64 मुली घेतल्यावर ती सर्वमान्य 80 टक्क्यांवर पोहोचते.

मला याहून गंभीर वाटते ती यशस्वी ठरलेल्या लहान अभ्यासांची गोष्ट. गटात 20 मुली असताना चाचणी पार होण्यासाठी साधारण 0.77 ग्रॅमचा फरक दिसावा लागतो, म्हणजे खरा फरक 0.6 असताना जे निष्कर्ष छापले जातील ते बहुतेक फुगलेलेच असतील. ही भीती काल्पनिक नाही: मानसशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी 1962 मध्ये मानसशास्त्रातील 70 शोधनिबंध तपासले, तेव्हा मध्यम आकाराचा परिणाम पकडण्याची त्या निबंधांतल्या अभ्यासांची सरासरी पॉवर 48 टक्केच निघाली.

इथवर सूत्रानेही भागते. पण आहार शाळेला मिळतो, एकेका मुलीला नव्हे, आणि एकाच शाळेतल्या मुली बऱ्याच बाबतींत सारख्या असतात. एकूण विचरणापैकी, म्हणजे आकड्यांतल्या एकूण चढउतारापैकी, 5 टक्के जरी शाळाशाळांमधले असले आणि प्रत्येक शाळेतून 20 मुली घेतल्या, तरी लागणारी संख्या जवळपास दुप्पट होते. त्यात काही मुली मध्येच शाळा सोडतात, काहींची दुसरी तपासणी राहून जाते. हे सगळे एका सूत्रात बसवणे अवघड असते. सिम्युलेशनमध्ये मात्र जसे घडेल तसे लिहून काढता येते आणि त्याच शाळांतल्या मुली वाढवण्यापेक्षा शाळा वाढवणे किती फायद्याचे, हेही आकड्यांत दिसते.

अर्थात 0.6 हा आकडा आपणच धरलेला आहे. तो 0.4 धरला, तर शाळांचा विचार न करताही गटात 64 ऐवजी सुमारे 142 मुली लागतात.