वर्कहाऊसचे दफ्तर: इंग्लंडमधील गरीब-साहाय्याच्या कागदपत्रांमागचा इतिहास

इंग्लंडमधील एखाद्या गावच्या वर्कहाऊसचा, म्हणजे निराधारांना आसरा देऊन त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या संस्थेचा, इतिहास शोधताना आधी कालखंड ठरवावा लागतो. कारण १८३४ साली ही व्यवस्था बदलली आणि कागदपत्रे कोणी लिहायची व कुठे ठेवायची हेही बदलले.

१६०१ च्या कायद्याने गरिबांची जबाबदारी पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या स्थानिक विभागावर, होती. पॅरिशचे ओव्हरसिअर गरिबांसाठी कर वसूल करीत आणि कोणाला किती शिलिंग दिले, कोणाच्या मुलाला बूट घेऊन दिले, हे हिशेबवहीत मांडीत. १६६२ च्या कायद्यानंतर माणूस मूळ कोणत्या पॅरिशचा, हा प्रश्न पैशाचा झाला, कारण मदतीचा खर्च त्याच पॅरिशवर पडे. मग दोन न्यायाधीशांसमोर त्याची शपथेवर जबानी होई: जन्म कुठला, उमेदवारी कोणाकडे केली, सलग वर्षभर कोणाची चाकरी केली. माझ्या मते या साऱ्या दफ्तरात या जबान्यांइतके मोलाचे काही नाही, कारण ज्यांना लिहिता येत नव्हते अशांच्या आयुष्याची हकीकत त्यांत उतरली आहे. मात्र लिहिणारा कारकून होता आणि हक्काच्या निवाड्याला लागेल तेवढेच तो टिपत होता, हे विसरता कामा नये.

१८३४ च्या कायद्याने पॅरिशांच्या युनियन, म्हणजे अनेक पॅरिशांचे गट, झाल्या, त्यांचा कारभार पाहणारी, निवडून आलेली गार्डियन मंडळे आली आणि लंडनमध्ये त्यांच्यावर देखरेख करणारे आयोग बसले. या आयोगाचा व त्याच्या जागी आलेल्या खात्यांचा युनियनांशी झालेला पत्रव्यवहार क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एमएच १२’ या मालिकेत काउंटी (जिल्हा) आणि युनियननुसार लावलेला आहे. त्यात गार्डियनांची, डॉक्टरांची आणि क्वचित खुद्द गरिबांचीही पत्रे सापडतात. अँडोव्हरच्या वर्कहाऊसमध्ये खतासाठी हाडे कुटणारे भुकेले लोक त्याच हाडांवरचे कुजके मांस खात होते, हे १८४५ मध्ये उघडकीस आले. चौकशी संसदेपर्यंत गेली आणि १८४७ मध्ये आयोगच मोडीत निघाले. अशा प्रकरणात मंडळाचे इतिवृत्त केवळ ठराव सांगते, वाद मात्र पत्रांतच वाचायला मिळतो. १९०० नंतरची या मालिकेतील बहुतेक कागदपत्रे नष्ट झाली आहेत.

१९३० मध्ये गार्डियन मंडळे बरखास्त होऊन कारभार काउंटी आणि मोठ्या शहरांच्या कौन्सिलांकडे गेला, म्हणून इतिवृत्ते आणि प्रवेश-मुक्ततेच्या नोंदवह्या आज बहुधा काउंटीच्या अभिलेखागारांत मिळतात. काही युनियनांच्या नोंदवह्या उरलेल्याच नाहीत. तिथे जनगणनेच्या याद्या आणि गार्डियनांच्या सभांचे वृत्तान्त छापणारी स्थानिक वर्तमानपत्रे चाळावी लागतात.