खचते फक्त डोक्यावरचीच जमीन?

मेट्रो ३ चे भुयार गिरगाव-काळबादेवीखालून गेल्यापासून एक समज टिकून आहे: खचते ती बरोबर पोकळीवरचीच जमीन, शेजारच्या चाळीने निश्चिंत राहावे. हे चूक आहे.

भूमिगत कोळसा खाणीत छत कोसळू दिले की वर बशीसारखा खोलगटपणा येतो आणि तो खणलेल्या हद्दीबाहेरही पसरतो. मधोमध जमीन सर्वाधिक उतरते. भिंतींना तडे मात्र बहुधा कडेला, कारण तिथे जमीन ताणली जाते. म्हणूनच मोजणीचे खुंटे हद्दीपलीकडे, न हलणाऱ्या जागेपर्यंत रोवतात आणि लेव्हलिंगने, म्हणजे दुर्बिणीतून उंचीतला फरक मोजून, त्यांची उंची पुन्हापुन्हा घेतात. उपग्रहाचे रडार जमिनीचे मिलिमीटरभर खचणेही टिपते, पण दाट झाडीत फसते.

मुंबईत भुयाराला लगेच काँक्रीटचे अस्तर बसते, छत पाडत नाहीत; खाणीशी थेट तुलना त्यामुळे अतिशयोक्तीच. तरी तडामापके शेजारच्या इमारतींवरही लागतात.