गेमची डिजिटल दुकाने : मुंबईतील पसंती आणि नापसंती

संगणक, कन्सोल (गेम खेळण्यासाठीच बनवलेले यंत्र) किंवा मोबाइलवर खेळायचे गेम इंटरनेटवरून विकणारी आणि विकल्यानंतरही ते गिऱ्हाइकाच्या खात्याला जोडलेले ठेवणारी व्यवस्था म्हणजे गेमचे डिजिटल दुकान. संगणकासाठी स्टीम, एपिक गेम्स स्टोअर, गॉग आणि इच.आयओ; कन्सोलसाठी प्लेस्टेशन स्टोअर आणि एक्सबॉक्सचे दुकान; मोबाइलसाठी गूगल प्ले आणि अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर ही त्यांतली ठळक नावे. पैसे घेऊन गेम हातात दिला की या दुकानांचे काम संपत नाही. गेम सुरू करणे, त्याचे अपडेट, मित्रांची यादी, जिथवर खेळून झाले तिथली नोंद, परतावा हे सगळे त्याच खात्यातून चालते. त्यामुळे मुंबईत पीसीवर खेळणारी मुले-मुली दुकान निवडताना गेमची किंमत जेवढी बघतात, तेवढेच आपले खाते कुणाच्या ताब्यात राहणार हेही बघतात.

लॅमिंग्टन रोडचा काळ

2000 नंतरच्या दशकात मुंबईत गेम मिळण्याची ठिकाणे ठरलेली होती. ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आताचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, मनीष मार्केट, हाजी अलीचे हिरापन्ना, इर्ल्याचे अल्फा आणि फोर्टचे फुटपाथ. खोक्यातला अस्सल गेम घ्यायचा तर घरी बरेच दिवस मागे लागावे लागे. नक्कल केलेली सीडी मात्र खिशातल्या पैशांत येई. त्या पिढीतल्या पुष्कळांनी आपले पहिले गेम असेच खेळले. सीडीबरोबर क्रॅकची, म्हणजे गेमचे कुलूप तोडणारी, फाइल येई आणि क्रॅकबरोबर बऱ्याचदा व्हायरसही.

अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने 12 सप्टेंबर 2003 रोजी स्टीम सुरू केले. मुंबईत त्याची पहिली ओळख फारशी गोड नव्हती. तेव्हा सायबर कॅफेंमध्ये काउंटर-स्ट्राइक हा गोळीबाराचा गेम जोरात होता. जुलै 2004 मध्ये त्याचे जुने ऑनलाइन जाळे बंद झाले आणि इंटरनेटवर खेळायचे तर स्टीमवर जाणे भाग पडले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेला हाफ-लाइफ 2 खोक्यातून विकत घेतला तरी स्टीमवर नोंदवल्याशिवाय सुरू होत नसे. घरी डायल-अप किंवा मोजून-मापून मिळणारे ब्रॉडबँड असणाऱ्याला पैसे देऊन आणलेली डिस्क घरच्या घरी सुरू न होणे हा चक्क जाच वाटला, आणि तसे वाटणे रास्तच होते.

पुढे खोकेच रिकामे होत गेले. 2015 मध्ये जीटीए 5 संगणकासाठी आला तेव्हा खोक्यात सात डीव्हीडी होत्या. त्याच वर्षीच्या मेटल गिअर सॉलिड 5 च्या खोक्यातल्या डिस्कवर स्टीम बसवण्याची छोटी फाइल तेवढी निघाली. गेम शेवटी डाउनलोडच करावा लागला. लॅमिंग्टन रोडवरून खोके घरी आणण्यात संगणकावर खेळणाऱ्याला त्यानंतर फारसा अर्थ उरला नाही.

रुपयांतली किंमत आणि वडिलांचा ओटीपी

मुंबईकर स्टीमकडे खरा वळला तो रुपयांमुळे. नोव्हेंबर 2015 पर्यंत तिथल्या किमती डॉलरमध्ये असत आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार चालणारे क्रेडिट कार्ड घरात असेल तरच विषय पुढे जाई. रुपयांत किमती आल्या, नेट बँकिंग आले, नंतर यूपीआय आले. पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून वाचलेल्या दोनशे-तीनशे रुपयांतही सेलमध्ये अस्सल गेम येऊ लागला. पायरसी कमी करायला पोलिसांच्या छाप्यांपेक्षा या एका बदलाचा उपयोग जास्त झाला, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. अस्सल गेमला अपडेट मिळतात, मित्रांबरोबर ऑनलाइन खेळता येते, सेव्ह, म्हणजे जिथवर खेळलो ती नोंद, जात नाही. आवाक्याबाहेरची किंमत एवढीच अडचण उरली होती.

इतर दुकाने याच ठिकाणी अडतात. गॉगवर भारतातल्या गिऱ्हाइकाला किमती डॉलरमध्ये दिसतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 16 मार्च 2020 पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार आपोआप चालू नसतात, ते बँकेत किंवा अ‍ॅपवर जाऊन चालू करावे लागतात. शिवाय बँक चलनबदलाचे शुल्क कापते. सहकारी बँकेच्या रुपे कार्डावर अनेक परदेशी दुकानांत काहीच होत नाही. एवढ्यावरूनच कित्येकांचा गॉगचा बेत बारगळतो.

खरेदी करणारा बहुधा शाळा-कॉलेजातला असतो आणि बँकेत नोंदवलेला मोबाइल वडिलांचा असतो. सेल रात्री साडेदहाला सुरू होतो, कारण भारतीय वेळेनुसार स्टीमचे सेल हिवाळा सोडता त्याच सुमारास उघडतात. वडील ठाण्याच्या लोकलमध्ये उभे, ओटीपी येतो, ते फोन करून विचारतात, "अरे, हे कसले पैसे?" तोवर वेळ संपलेली. म्हणून मुले आधीच सणावाराला मिळालेले पैसे स्टीमच्या वॉलेटमध्ये भरून ठेवतात. एकदा वॉलेटमध्ये पैसे गेले की पुढची खरेदीही तिथेच होते. दुकानाची पसंती अशी सवयीनेही पक्की होते.

परताव्याचा नियम हे स्टीम निवडण्याचे दुसरे ठोस कारण. जून 2015 पासून, विकत घेऊन 14 दिवस उलटले नसतील आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर गेम परत करता येतो. जुने ग्राफिक्स कार्ड असलेल्यांच्या दृष्टीने हा नियम फार मोलाचा आहे. गेम घ्यायचा, आपल्या मशीनवर अडखळत तर नाही ना हे तासाभरात बघायचे, अडखळला तर परत. फुटपाथवरच्या सीडीला ही सोय कधीच नव्हती.

एपिकने डिसेंबर 2018 मध्ये दुकान उघडले ते फुकट गेम वाटतच. मे 2020 मध्ये, मुंबई टाळेबंदीत घरात बसलेली असताना, जीटीए 5 तिथे एक आठवडा फुकट होता आणि पहिल्याच दिवशी गर्दीने एपिकची यंत्रणा कित्येक तास कोलमडली. तेव्हा खाती उघडलेल्यांपैकी अनेक जण आजही दर गुरुवारी फुकटचा गेम खात्यात जमा करतात. पैसे मोजायची वेळ आली की मात्र स्टीमवर जातात. खरेदीची टोपली, म्हणजे एकाच वेळी अनेक गेम घेण्याची साधी सोय, एपिकवर डिसेंबर 2021 पर्यंत नव्हती. शिवाय 2019 च्या जानेवारीत मेट्रो एक्सोडस हा गेम प्रकाशनाच्या तोंडावर स्टीमवरून काढून एपिकवर नेला गेला, तो राग जुन्या खेळणाऱ्यांच्या मनातून गेलेला नाही.

लाइन, जागा, जुना संगणक

आजचा मोठा गेम दीडशे जीबीपर्यंत जातो. बाल्डर्स गेट 3 तेवढी जागा मागतो. स्टीमच्या डाउनलोड केंद्रांच्या यादीत मुंबई आहे, त्यामुळे फायबर लाइन असलेल्या घरात हे काम संध्याकाळभरात उरकते. केबलवाल्याची जुनी लाइन आणि महिन्याचा ठरलेला कोटा असेल तर तोच गेम दोन-तीन रात्री चालतो, त्यात घरचे सकाळी उठून ऑफिसच्या मीटिंगला बसले की डाउनलोड थांबवावे लागते. वन-रूम-किचनमध्ये खोकी ठेवायला जागा नसते हे डिजिटलच्या बाजूने. पण त्याच घरातला संगणक दहा वर्षे जुना असतो. 1 जानेवारी 2024 पासून स्टीमने विंडोज 7 आणि 8 चा आधार काढून घेतला. ज्या गेमला विंडोज 7 पुरेसे होते, तो गेम विकत घेतलेला असूनही दुकानाच्या प्रोग्रामपायी अडू शकतो, हे पटण्यासारखे नाही.

काही जण एखादे दुकान किंवा लाँचर (गेम सुरू करून देणारा प्रोग्राम) टाळतात ते संगणकावरच्या ताब्याच्या कारणाने. व्हॅलोरंट हा गेम फुकट आहे, त्याचे सर्व्हर मुंबईत आहेत, आणि तो रायट या त्याच्या कंपनीच्या स्वतःच्या लाँचरवरून खेळतात. पण त्याचा व्हॅनगार्ड हा फसवणूक पकडणारा प्रोग्राम संगणक सुरू होतानाच, ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी आतल्या थरात सुरू होतो. ज्या मशीनवर घरचे बँकेचे व्यवहार होतात तिथे तो नको, असे म्हणणारे पालक आहेत आणि त्यांची शंका निराधार म्हणता येत नाही.

डिस्कचा बाजार

कन्सोलवर चित्र उलटे आहे. प्लेस्टेशन 5 भारतात 2 फेब्रुवारी 2021 रोजी आला आणि सोनीच्या सुरुवातीच्या मोठ्या गेमांची किंमत 4,999 रुपये होती. एवढे पैसे एका गेममध्ये कायमचे अडकवणे मध्यमवर्गीय घराला परवडत नाही. म्हणून डिस्क. लॅमिंग्टन रोडच्या गाळ्यात दुकानदार डिस्क कव्हरातून काढतो, ट्यूबलाइटखाली तिरकी धरून ओरखडे बघतो, कव्हर फाटले आहे का बघतो आणि भाव सांगतो. गेम नवा, मागणीतला असेल तर बऱ्यापैकी पैसे सुटतात. दर वर्षी नवी आवृत्ती निघणाऱ्या फुटबॉलच्या गेमला पुढची आवृत्ती आली की कुणी विचारत नाही. वर थोडी रक्कम घालून गिऱ्हाईक दुसरी डिस्क घेऊन जाते. एकच डिस्क अशी दादर, डोंबिवली, वाशी करत अनेक घरांत खेळली जाते. डिस्कची खाच नसलेला स्वस्त कन्सोल घेताना हा सगळा बाजार आपल्याला बंद होतो, हे पुष्कळांच्या नंतर लक्षात येते. कन्सोल घेणाऱ्याने आधी दोन-तीन वर्षांत किती गेम घेणार याचा हिशेब मांडावा. बहुतेकांना डिस्कवालाच स्वस्त पडेल.

विकत घेतले म्हणजे काय मिळाले

डिजिटल दुकान टाळण्याचे सर्वांत गंभीर कारण मालकीचे आहे. पैसे भरून मिळतो तो खेळण्याचा परवाना. कॅलिफोर्नियात 2024 मध्ये याबाबत कायदा झाला, आणि त्या ऑक्टोबरपासून स्टीम पैसे भरण्याच्या पानावरच तसे सांगू लागले. गिरगाव-लालबागच्या माणसाला हे पागडीच्या खोलीवरून लवकर समजते : रक्कम भरभक्कम मोजली, पण इमारत दुसऱ्याची. फरक असा की पागडीची खोली मालकाला त्याचा वाटा देऊन दुसऱ्याच्या नावे करता येते. स्टीमचे खाते करारानुसार विकताही येत नाही आणि दुसऱ्याच्या नावेही करता येत नाही. पंधरा वर्षे जमवलेले गेम वारसाला रीतसर देण्याची सोयच नाही.

ही भीती कल्पनेतली नाही. युबिसॉफ्टने 2014 मध्ये विकायला काढलेला द क्रू हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम 31 मार्च 2024 रोजी बंद केला. एकट्याने खेळायचा भागही सर्व्हरवर चालत असल्याने सगळाच गेम गेला, आणि पाठोपाठ लोकांचे परवानेही काढून घेतले गेले. त्यातून युरोपात उभ्या राहिलेल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहिमेने जुलै 2025 मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. पैसे घेऊन विकलेली वस्तू विक्रेत्याने अशी परत ओढून घेणे चुकीचे आहे, आणि भारतातल्या ग्राहक संघटनांनीही या विषयात लक्ष घालायला हवे.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट गटाने 2008 मध्ये सुरू केलेले गॉग इथे वेगळे ठरते. तिथला गेम उतरवून एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर ठेवला की पुढे ना लाँचर लागतो ना इंटरनेट. डॉलरच्या किमती आणि कार्डाची कटकट सोसूनही काही जण आवडते जुने गेम तिथूनच घेतात ते या एका कारणाने.

स्टीमने 2024 मध्ये कुटुंबाची सोय आणली : सहा जणांपर्यंत एकमेकांचे गेम खेळता येतात, पण एकाच प्रतीवर एका वेळी एकच जण. भावंडांच्या घरात याचा खरा फायदा होतो. कॉलेजचे मित्रही ‘कुटुंब’ म्हणून एकत्र येतात, ते मात्र जपून करावे. एका गटात शिरल्यापासून वर्ष झाल्याशिवाय तो सोडून दुसऱ्या गटात शिरता येत नाही, आणि कुणी आपल्या प्रतीवर फसवणूक करून खेळला तर बंदी आपल्यावरही येते.

मोबाइल

मुंबईत सर्वांत जास्त गेम लोकलमध्ये, फोनवर खेळले जातात. तिथे दुकान निवडायला फारसा वाव नाही. दुकान फोनबरोबरच येते. सरकारी आदेशाने गेम दुकानातून निघाला की नव्या माणसाला तो मिळत नाही, हे सप्टेंबर 2020 मध्ये पबजी मोबाइलच्या आणि जुलै 2022 मध्ये बीजीएमआयच्या, म्हणजे त्याच्याच भारतीय आवृत्तीच्या, वेळी दिसले. बीजीएमआय मे 2023 मध्ये परतला.

गेम बनवणाऱ्यांची बाजू

स्टीम विक्रीतून 30 टक्के घेते. विक्री एक कोटी डॉलरच्या वर गेली तर 25 आणि पाच कोटींच्या वर 20. एपिकने सुरुवातीलाच 12 टक्के जाहीर केले. इच.आयओवर वाटा किती द्यायचा हे बनवणाराच ठरवतो. कागदावर स्टीम महाग आहे, तरीही मुंबई-पुण्याकडचा छोटा निर्माता आधी तिथेच जातो. प्रत्येक गेममागे 100 डॉलर भरायचे, विक्री 1,000 डॉलरच्या पुढे गेली की ते परत मिळतात. मुख्य म्हणजे लोक तिथे गेम आधीच विशलिस्टमध्ये, म्हणजे हव्या असलेल्या गेमच्या यादीत, टाकून ठेवतात आणि प्रकाशनाच्या दिवशी त्यांना आपोआप कळते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी हा गेम 2020 मध्ये आधी निन्टेन्डोच्या स्विचवर आला, आणि काही आठवड्यांनी स्टीमवर आला तेव्हा इथल्या बहुतेकांना तो खेळता आला, कारण निन्टेन्डो भारतात आपला कन्सोल अधिकृतपणे विकत नव्हती.