मेर्सेदेस: मजुरीतून आलेलं नाव

पुण्यात 'मर्सिडीज' म्हटलं की डोळ्यांपुढे बॉनेटवरचा तीन टोकांचा तारा येतो. स्पेनमध्ये हेच नाव एखाद्या आजीचं असतं. उच्चार मेर्सेदेस, माद्रिदकडे मेर्थेदेस, घरातली हाक मेर्चे.

नावाच्या शेवटी 'स' आहे, म्हणजे ते अनेकवचन आहे. एकवचन 'मेर्सेद'. पूर्ण नाव मारिया दे लास मेर्सेदेस, म्हणजे 'कृपांची मारिया'. मुलीला मेरीमातेच्या एखाद्या रूपाचं नाव ठेवायचं आणि हाक मारताना 'मारिया' गाळायचं, ही तिकडची जुनी रीत. दोलोरेस (दुःखं), निएवेस (बर्फ), रेमेदिओस (उपाय) ही नावं अशीच उरली.

पण कृपा हा अर्थ मागाहून आला. मूळ लॅटिन शब्द 'मेर्सेस' म्हणजे चक्क मजुरी, कामाचा मोबदला. मोबदल्यातून बक्षिसी आणि बक्षिसीतून कृपा असा तो वर चढत गेला. फ्रेंच 'मेर्सी' त्याच घरातला. स्पॅनिशमध्ये थोरामोठ्यांना 'वुएस्त्रा मेर्सेद' म्हणत. ते झिजून आजचं आदरार्थी 'उस्तेद' झालं. आपल्याकडे अर्जावर 'मे. तहसीलदार साहेब' लिहितात, त्यातला 'मे.' म्हणजे मेहेरबान. चाल तीच.

या नावाची मेरी मात्र पैशांच्या व्यवहाराशी पक्की बांधलेली आहे. 1218 मध्ये बार्सिलोनात पेद्रो नोलास्को यांनी एक धर्मसंघ स्थापला. काम एकच: मुस्लिम सत्तांच्या कैदेत पडलेल्या ख्रिश्चनांना खंडणी भरून सोडवणं. संन्याशाच्या नेहमीच्या तीन व्रतांवर इथे चौथं होतं. गरज पडली तर कैद्याच्या जागी स्वतः ओलीस राहायचं! या संघाची मेरी ती 'मेर्सेद'ची मेरी. तिचा सण 24 सप्टेंबरला. बार्सिलोना त्या दिवसांत रस्त्यावर उतरतं. स्पेनच्या तुरुंगांचीही ती पालक संत, आणि ते तर्काला धरूनच आहे.

पोर्तुगीजांनी तिला 'मेर्सेस' म्हटलं आणि गोव्यात आणलं. पणजीला खेटून असलेलं मेरशी गाव तिच्याच नावाचं.

आता गाडी. एमिल येलिनेक हा ऑस्ट्रियन व्यापारी फ्रान्समधल्या नीस शहरातल्या धनिकांना डाइमलर या जर्मन कंपनीच्या गाड्या विकायचा. 1889 साली जन्मलेल्या मुलीचं लाडकं नाव मेर्सेदेस, ते त्याला इतकं शुभ वाटे की शर्यतीतही तो त्याच टोपणनावाने उतरे. 1900 मध्ये त्याने एकदम 36 गाड्यांची मागणी नोंदवली. नव्या इंजिनाला लेकीचं नाव द्यायचं ठरलं. डाइमलरचे अभियंते विल्हेल्म मायबाख यांनी घडवलेल्या त्या गाडीने 1901 च्या मार्चमध्ये नीसच्या शर्यती गाजवल्या. 1902 मध्ये नाव ट्रेडमार्क झालं. पुढच्याच वर्षी बापाने आपलं आडनावही येलिनेक-मेर्सेदेस करून घेतलं. मुलीच्या नावावरून बापाचं आडनाव, असं उदाहरण माझ्या तरी पाहण्यात दुसरं नाही.

गंमत म्हणजे हे घराणं ज्यू. ही मुलगी व्हिएन्नाच्या नामांकित रब्बी (ज्यू धर्मगुरू) आडोल्फ येलिनेक यांची नात, आणि नाव कॅथलिक मेरीमातेचं. ती 1929 मध्ये, चाळिशीही न गाठता, व्हिएन्नातच वारली.